पाण्याच्या ग्लासातली गोळी

माझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा औषधांचा माझ्याइतका जाणकार आमच्या आळीत दुसरा कोणी नव्हता. म्हणूनच मी चार दिवस दवाखान्यात गेलो नाही.

निलंग्याच्या एसटी स्टँडसमोर माझं मेडिकलचं दुकान होतं. आता ते मुलगा बसवराज चालवतो. जळजळ होत असेल म्हणून मी आपल्याच फळीवरून ॲसिडिटीच्या गोळ्या काढायचो आणि चघळत बसायचो. दुसऱ्या माणसाला असं झालं असतं तर तो निदान कोणाला तरी विचारायला गेला असता. मला विचारायला सगळे माझ्याकडेच यायचे, मी कोणाकडे जाणार?

आता शहात्तरावं वर्ष चालू आहे आणि मी ठणठणीत आहे. ज्यांना हृदयाचं किंवा बीपीचं दुखणं नुकतंच कळलंय, ज्यांच्या हातात आयुष्यभराच्या गोळ्यांची चिठ्ठी पडलीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. घाबरू नका, हे पहिलं. दुसरं म्हणजे मी केलेली एक गोष्ट चारचौघांत खरी खरी सांगायची राहिली होती. ती या दुखण्यातून वेगळी काढता येत नाही, म्हणून तीही इथेच सांगतो.

टँकरचा दिवस

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. निलंग्यात आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा. टँकर आला की म्हातारी माणसंसुद्धा तरण्यासारखी धावायची. त्या सकाळी माझा नंबर आला, मी भरलेली घागर उचलली आणि डावा हात खांद्यापासून कोणीतरी पिळून काढतंय असं झालं. मी पायरीवर बसलो. घाम असा सुटला की टँकरचं पाणी अंगावर उडालं असं मला वाटलं.

"अवं, घागर सोडा की आधी!" महानंदा, माझी बायको, ओरडली.

मी घागर सोडली नाही. मांडीवर सरळ धरून बसलो. पुढं कित्येक महिने सगळी गल्ली हे सांगून हसायची, की अप्पाला अटॅक आला पण पाणी सांडलं न्हाई.

बसवराजनं शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून मला लातूरला आणलं. पहिल्या खासगी दवाखान्याच्या फाटकावरच वॉचमननं सांगितलं, "पाणी न्हाई मालक, नवा पेशंट घेणं बंद हाय." बसवनं जीप सरकारी दवाखान्याकडं वळवली. मला धड बोलता येत नव्हतं, तरी मी म्हणालो, "सरकारीत नको रे. तिथल्या गोळ्या..."

बसवनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणणार होतो ते त्याला माहीत होतं. त्यानं जीप अजून जोरात पळवली.

"कोणी दिली?"

तपासणारी डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची होती. तिनं ईसीजीची पट्टी हातात धरली आणि मान वर न करता म्हणाली, "काका, अटॅक येऊन गेलाय. चार दिवस काय करत होतात?"

"ॲसिडिटीची गोळी खात होतो."

"कोणी दिली?"

"मीच."

"तुम्ही कोण?"

"मेडिकल हाय माझं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "मग बरोबर," म्हणाली आणि कामाला लागली.

ज्या दिवशी दुखणं कळतं त्या दिवशी माणसाला मोठमोठे विचार सुचत असतील असं मला वाटायचं. मला काय आठवतं? महानंदाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक तिची, एक माझी. तेवढंच बघत मी पडून होतो.

आयसीयूत नेताना सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, गळ्यातलं काढा."

गळ्यात माझं इष्टलिंग होतं. आमच्यात ते अंगावरून काढत नाहीत, झोपेतसुद्धा नाही. मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "हे काढत नसतेत, बाई."

मला वाटलं आता रागावतील. त्यांनी बँडेजची पट्टी घेतली आणि इष्टलिंग माझ्या उजव्या मनगटाला हळुवार बांधून दिलं. "मशीनला चालतंय. देवाला चालतंय का ते तुमचं तुम्ही बघा." त्या क्षणाला माझी निम्मी भीती गेली. दवाखान्यात मोठी कामं यंत्रं करतात, पण माणूस अशा एका पट्टीनं वाचतो.

उशीखालच्या गोळ्या

वॉर्डात सगळ्यांना मिळून पाण्याचे मोजके ड्रम होते. आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. नातेवाईक गावाकडून बाटल्या भरून आणायचे आणि शेजारच्या खाटेलाही द्यायचे. सकाळी कागदाच्या द्रोणात गोळ्या यायच्या. पांढऱ्या, गोल, पट्टीतून आधीच काढलेल्या.

"सिस्टर, कोणत्या कंपनीच्या?"

"सरकारी सप्लाय. गिळा."

मी त्या गिळल्या नाहीत. गालात धरायचो आणि सिस्टर पुढच्या खाटेकडं वळल्या की उशीखाली ठेवायचो. मरणाच्या दारात असलेला माणूस असं का करतो? सरकारी गोळी म्हणजे खडू, हे मी कित्येक वर्षं दुकानात बोलत आलो होतो. ते खरं नाही हे मला चांगलं माहीत होतं. पण बोलून बोलून माझीच जीभ ते खरं मानायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी चादर बदलताना तीन गोळ्या खाली पडल्या. सिस्टरनी त्या उचलल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्याच गोळ्या खाऊन तुमच्या बाजूचे पाव्हणे काल चालत घरी गेले. अन् तुम्ही काय, उशीला बरं करून राहिलात का?"

सगळा वॉर्ड हसला. मी त्यांच्यासमोर गोळ्या गिळल्या आणि तोंड उघडून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं.

तिथं पडल्या पडल्या मला उस्मान आठवत होता. आता त्याचं सांगतो.

उस्मान टेलर

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. त्याआधी आम्हाला प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादला खेपा घालाव्या लागायच्या. नवा जिल्हा झाला आणि सगळी कचेरी जवळ आली. लायसन्स मिळालं, मी दुकान काढलं. शेजारच्या गाळ्यात उस्मान टेलर होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तो एक पांढरा डगला घेऊन आला. न मागता, न माप घेता शिवलेला. नुसत्या नजरेनं माप घ्यायचा तो.

मी घालून दाखवला. उस्मान दोन पावलं मागं सरकून म्हणाला, "क्या बात है अप्पा, डाक्टर दिसून राहिलास. आता कुणाला सुई नको टोचू म्हंजे झालं."

तेव्हापासून आमचा चहा एकत्र. त्याला बीपी निघालं तेव्हा पहिली गोळी मीच दिली.

तीस-बत्तीस वर्षं अशीच गेली, मग दुष्काळ आला. एक वर्ष, लागून दुसरं वर्ष. लग्नं पुढं ढकलली, कापड कोणी घेईना, उस्मानचं मशीन दुपारी बारालाच बंद व्हायला लागलं. त्याच सुमारास लातूरला सरकारी दवाखान्यात स्वस्त औषधांचं दुकान निघाल्याची बातमी आली. तीच औषधं, कंपनीचं नाव नाही, किंमत अगदी थोडी. माझं गिऱ्हाईक तिकडं जाणार हे मला दिसलं. एके दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तिथली बीपीची गोळी कोणाकडून तरी मागवली होती. ती आणि माझ्याकडची महागडी, अशा दोन्ही पाण्याच्या ग्लासांत टाकून बघितल्या. दोन्ही सारख्याच विरघळल्या. दोन्हींचा तळाला सारखाच पांढरा गाळ. गोळी विरघळायलाच हवी, पोटात जाऊन तिनं दुसरं काय करायचं असतं?

हे मला त्या दुपारी कळलं होतं. पुढचं मी कळूनसवरून केलं.

दिवाळीत उस्मान दुकानात आला. हातात पट्टी. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती.

"अप्पा, हे बघ. तीच गोळी म्हणतेत. चहा-बिस्किटाच्या पैशात महिना निघतो. चालंल का?"

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून विचारलं होतं. मी त्या पाच-सहा चेहऱ्यांकडं पाहिलं. उस्मानला हो म्हटलं तर उद्या सगळे लातूरला जातील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी ग्लास मागवला. उस्मानच्या पट्टीतली एक गोळी त्यात टाकली. दुसऱ्या ग्लासात माझ्या फळीवरची लाल चकचकीत गोळी टाकली. सरकारी गोळी बघता बघता फुटली आणि पाणी पांढरं झालं. लाल गोळी तळाशी टुणटुणीत बसून राहिली.

"बघ उस्मानभाई. ही औषध, अन् हा खडू. सरकार खडू वाटून राहिलंय."

लोक हसले. उस्मानही हसला, जरा कसानुसा. पट्टी खिशात घालून गेला. मी ग्लासातलं पाणी गटारीत ओतलं. एक बाई कळवळून म्हणाली, "अप्पा, ते झाडाला तरी घालायचं की!"

ती लाल गोळी बीपीची नव्हती. ती ताकदीची गोळी होती, वरून जाड लेप असलेली. तिला पाण्यात तासभर काही होत नाही.

हा खेळ मी त्या हिवाळ्यात आणखी पाच वेळा केला. अंगात उस्माननं शिवलेला डगला असायचा.

उस्मान मग माझ्याकडचीच गोळी घ्यायला लागला, पण दहा दिवसांची पट्टी वीस दिवसांनी संपायची. रोज निम्मी तोडून खात होता. मेडिकलवाल्याला हे कळतं. कोण किती दिवसांनी परत येतो यावरून त्याला घराघरातलं कळतं. मला कळलं आणि मी विचारलं नाही. संक्रांत झाली आणि उस्मानची उजवी बाजू गेली. टेलरचा उजवा हात.

मी फळं घेऊन भेटायला गेलो. चहा होईपर्यंत बसलो. नंतर ग्लासाचा खेळ बंद केला. का बंद केला हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अडीच-तीन महिन्यांनी माझी घागर उचलायची पाळी आली.

सात खणांची डबी

लातूरहून सुटी मिळाली आणि मुलगी सुवर्णा मला नांदेडला घेऊन गेली. ती तिथं शाळेत शिकवते. तिच्याकडं निदान एक दिवसाआड नळ यायचा. चिठ्ठीवर सहा गोळ्या होत्या, आयुष्यभरासाठी.

मी सुवर्णाला बजावलं, "औषधं आपल्या दुकानातली. बसव एसटीच्या पार्सलनं पाठवील. बाहेरचं काही आणायचं न्हाई."

"हाव अप्पा," ती म्हणाली. तिनं सात खणांची डबी आणली, रविवार ते शनिवार. दर आठवड्याला स्वतः भरायची. मला डबीला हात लावू द्यायची नाही. मला वाटलं बापाची काळजी.

ते दोन महिने सोपे नव्हते, खोटं कशाला सांगू? मी दिवसातून वीस वेळा नाडी धरून बसायचो. जिना चढायला भ्यायचो. मिठावरून महानंदाशी रोज भांडण. एकदा मी ताट सरकवलं तेव्हा ती म्हणाली, "देवानं माणूस वाचवला ते बरं केलं. तोंड तेवढं वाचवायचं न्हव्हतं." जावयांनी हसू दाबायला पेपर तोंडापुढं धरला. मी रागानं बाथरूममध्ये जाऊन रडलो आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून तसाच डोळे पुसत बाहेर आलो. ज्यांच्या घरात असं चाललंय त्यांनी खचू नये. भीती अशीच बाहेर पडते, मिठावरून, चपलेवरून, पंख्याच्या वाऱ्यावरून. हळूहळू कमी होते.

सुवर्णाची पर्स

दोन महिन्यांनी नांदेडच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट बघता बघता त्यांच्या भुवया वर गेल्या. "अप्पा, फारच छान! बीपी जागेवर, कोलेस्टेरॉल जागेवर. नियमित घेताय. औषधं कोणती चालू आहेत?"

मी ताठ बसलो. सहाच्या सहा कंपन्यांची नावं धडाधड म्हणून दाखवली. "आमच्याच दुकानातली, साहेब."

सुवर्णानं घसा खाकरला. पर्स उघडली आणि टेबलावर साध्या, पांढऱ्या-निळ्या पट्ट्या मांडल्या.

"सर, मी ह्या देते. तुमच्या दवाखान्याच्या दारातल्या सरकारी स्वस्त दुकानातल्या. चिठ्ठीवरचं औषध आणि मिलिग्रॅम जुळवून घेते. अप्पांनी मागवलेल्या पट्ट्या कपाटात आहेत. एकही फोडलेली नाही."

डॉक्टरांनी पट्ट्या उलटसुलट करून नावं वाचली. "मग ह्याच चालू ठेवा," म्हणाले. बस, एवढंच.

आधी मला असा राग आला की कान तापले. माझ्याच पोरीनं मला दोन महिने खडू... आणि तो शब्द डोक्यात आला तिथंच मी थांबलो. दोन महिने! माझं हृदय, माझं रक्त, माझ्या नावाचे रिपोर्ट! मला हसू फुटलं. आवरेचना. डॉक्टर घाबरून उठले, त्यांना वाटलं छातीत दुखतंय. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि हलवत सुटलो. बाहेर आलो तेव्हा जिन्याला कठडा आहे हेही माझ्या लक्षात आलं नाही. सरळ खाली उतरलो, सुवर्णा मागून ओरडतेय, "अप्पा, हळू! अप्पा!"

मी थेट त्या स्वस्त दुकानाच्या खिडकीशी. उस्मानच्या गोळीचं मूळ नाव सांगितलं आणि महिन्याची किंमत किती ते विचारलं. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं. माझ्या खिशात नांदेड ते निलंगा एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेले होते. त्याहून कमी! एका म्हाताऱ्या माणसाच्या एसटीच्या अर्ध्या तिकिटात एका म्हाताऱ्याचा हात वाचला असता.

मग मात्र माझं हसू गेलं.

रिक्षात सुवर्णा हळूच म्हणाली, "अप्पा, दिवाळीला मी माहेरी आले होते. त्या दिवशी काउंटरच्या मागंच होते. ती लाल गोळी कशाची होती ते मला माहीत आहे."

ती थांबली नाही.

"शमीमचाचीशी परवा फोनवर बोलले. उस्मानचाचा अजून निम्मीच गोळी खातात. स्वस्तातली आणायला तयारच नाहीत. म्हणतात, अप्पानं पाण्यात टाकून दाखवली होती." मग म्हणाली, "पुन्हा झटका आला तर काय होईल, हे तुम्हाला मी सांगायला नको."

घागर

दुसऱ्या दिवशी मी आणि महानंदा निलंग्याला आलो. उस्मानला खरं सांगायचं मी ठरवलं होतं, ते बसवला सांगितलं. तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आत आला.

"अप्पा, असं सांगितलंत तर दुकान बसंल. लोक म्हणतील चौतीस वर्षं फसवलं."

"सहा वेळा केलं मी ते."

"लोक मोजत न्हाईत, अप्पा. मला पोरं हायेत. गुपचूप जावा, गोळ्या द्या, या. ग्लासाचं कशाला काढता?"

"ग्लासाचं न्हाई काढलं तर तो गोळी खाणार न्हाई. त्याचा माझ्यावर विश्वास न्हाई, बसव. त्याचा ग्लासावर विश्वास हाय."

बसव हात जोडून उभा राहिला. त्याचंही चूक नव्हतं. तेवढ्यात आतून महानंदा आली. "जाऊ दे त्यांला. न्हाई गेले तर पुन्हा छातीत दुखंल. अन् ह्या बारीला मी आधी घागर उचलीन, मग ह्यांच्याकडं बघीन."

पुन्हा ग्लास

उस्मान खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. बोलणं जड झालं होतं, पण कळायचं. त्याची बायको शमीमभाभी चहाला उठल्या तेव्हा मी म्हणालो, "भाभी, चहा नको. तीन ग्लास पाणी आणा."

उस्मान तिरक्या तोंडानं हसला. "आला मदारी. पाऊस पडू दे की... मग नासव पाणी."

मी खाली बसलो. पहिल्या ग्लासात नांदेडहून आणलेली सरकारी दुकानातली गोळी टाकली. फुटली, पाणी पांढरं. दुसऱ्यात माझ्या दुकानातली, तो निम्मी करून खायचा तीच महागडी गोळी टाकली. तीही फुटली. तसंच पांढरं पाणी, तसाच गाळ. उस्मान वाकून बघायला लागला. मग मी खिशातून लाल गोळी काढली आणि तिसऱ्या ग्लासात टाकली. ती तळाशी जाऊन बसली.

"त्या दिवशी मी ही टाकली होती, उस्मान. ही बीपीची न्हाई. ताकदीची हाय. मला माहीत होतं."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही. शमीमभाभींनी पदर तोंडाला लावला. उस्मान तिन्ही ग्लासांकडं आळीपाळीनं बघत होता. माझी छाती धडधडत होती, पण नाडी धरायचं मला सुचलं नाही.

"मालूम था तेरेकू?" तो म्हणाला.

"हाव."

"अन् मी निम्मी खातो... ते?"

"ते बी."

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. मी उठून जावं की बसावं, कळेना. मग तो भिंतीकडं बघतच म्हणाला, "शमीम, रिळांचा डबा."

भाभींनी दोऱ्यांच्या रिळांचा पत्र्याचा डबा आणला. उस्माननं डाव्या हातानं रिळं उपसली आणि तळातून एक पट्टी काढली. दिवाळीतली, लातूरच्या सरकारी दुकानातली. दहांतली एक जागा रिकामी होती, मी ग्लासात टाकलेल्या गोळीची. बाकीच्या नऊ तशाच.

"फेकवली न्हाई मी," तो म्हणाला. "वाटलं, कधी ना कधी अप्पा म्हणंल... चालती म्हणून."

मी पट्टी घेतली. सवयीनं आधी मुदत बघितली. अजून सात महिने होते. त्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागवून औषध आणि मिलिग्रॅम तीन वेळा ताडून बघितलं. तेच होतं. मला अशी घाई झाली होती की विचारू नका, जणू ती नऊ गोळ्यांची पट्टी आत्ता, या मिनिटाला उघडली नाही तर हातातून उडून जाईल. एक अख्खी गोळी त्याच्या डाव्या तळहातावर ठेवली.

"माफी मागायची न्हाई," उस्मान म्हणाला. "मागशील तर... देणार न्हाई. रोज सकाळी यायचं. गोळी तू द्यायची, तुझ्या हातानं. अन् तो डगला... परत आण माझा."

भाभींनी चौथा ग्लास आणला, स्वच्छ पाण्याचा. उस्माननं गोळी गिळली आणि ग्लास उलटा करून दाखवला. थेंब नव्हता.

डगला

त्या सकाळपासून मी रोज जातो. पहिल्या आठवड्यात त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवलं, डॉक्टरांनी अख्खी गोळी चालू ठेवायला सांगितली. दुसरा झटका आला नाही. आज तो काठी घेऊन स्टँडपर्यंत येतो आणि माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

बसवच्या दुकानात मी स्वतः उभा राहून लोकांना तीन ग्लासांचा खेळ दाखवला. काही गिऱ्हाईकं तोंडावर बोलून गेली, काही परत आली नाहीत. बसव महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आता तो विनानावाच्या औषधांची वेगळी फळी ठेवतो आणि खरी किंमत लावतो.

ज्यांच्या हातात नवी चिठ्ठी आहे त्यांनी एवढं करावं. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. सरकारी दवाखान्यात किंवा स्वस्त दुकानात ते मिळतं का बघा, आणि गोळी बदलताना डॉक्टरांना एकदा दाखवा. पैसे पुरत नाहीत म्हणून गोळी तोडू नका. तोडायची वेळ आली तर लाजू नका, कोणाला तरी सांगा. आणि दुकानदार असाल तर पट्टी उशिरानं संपवून येणाऱ्या माणसाला विचारा, का रे बाबा, उशीर का झाला?

डगल्याचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशीच मी तो धुऊन नेऊन दिला. उस्माननं तो मांडीवर घेतला आणि डाव्या हातानं, ब्लेडच्या पात्यानं एकेक टाका उसवायला लागला. रोज मी गोळी द्यायचो आणि तो माझ्यासमोर थोडं थोडं उसवायचा. बाह्या गेल्या, कॉलर गेली. सगळा डगला सुटा व्हायला एक पावसाळा लागला.

मग एक दिवस गेलो तर मशीन पुसून ठेवलेलं. उस्मान डाव्या हातानं कापड पुढं सरकवत होता, शमीमभाभी चाक फिरवत होत्या. डगल्याच्या खिशाची त्यानं एक छोटी पिशवी शिवली होती, नाडी घातलेली. माझ्याकडं फेकली.

"गोळ्या ठेव त्यात. कागदात गुंडाळून फिरतो, येड्यावाणी."

ती पिशवी आत्ता लिहिताना माझ्या खिशात आहे. आत सरकारी दुकानातल्या सहा पट्ट्या आहेत. शिलाई इतकी वाकडी आहे की गोळ्या कधी कोपऱ्यात अडकून बसतात. डगल्याची शिलाई फार सरळ होती.